बाणांची चटई

आमच्या घरात बाबांना मागून हाक मारायची नाही, अशी आईची सक्त ताकीद होती. बाहेर निघालेल्या माणसाला मागून हाक मारू नये, काम होत नाही, हे सगळ्याच घरांत पाळतात, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पण आई ते जरा जास्तच पाळायची. बाबा कुठे निघालेले नसले, नुसते ओटीवर आरशापुढे दाढी करत बसलेले असले, तरी ती चुलीपुढून उठायची, पदराला हात पुसत बाहेर यायची, त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची आणि मग म्हणायची, "चा ठेवलाय." मी म्हणायचे, अगो आई, आतूनच ओरडलीस तर काय तोंड दुखेल तुझं? त्यावर तिचं एकच उत्तर, "तू तुजा बघ." मी घरातली एकुलती, जिभेला हाड नसलेली आणि स्वतःला फार हुशार समजणारी. बारावीला होते, रोज पेणला कॉलेजात जायचे, इंग्रजी वाचता यायचं, म्हणजे घरात काय चाललंय ते सगळं मला कळतंच, अशी माझी पक्की समजूत होती.

आमचं गाव कासूपासून आत, खाडीच्या अंगाला. बाबा रोह्याच्या एका कंपनीत होते, जिथे हवेचे मोठाले पंप अष्टौप्रहर चालू असतात त्या खोलीत. कासूला गाडी पकडायची, रोह्याला उतरायचं, शिफ्ट करायची, परत यायचं. घरी आले की कानांतले कापसाचे बोळे काढून खिडकीत ठेवायचे आणि आई ते उचलून चुलीत टाकायची. मग थोडा वेळ ते काहीच बोलायचे नाहीत, आणि बोलले की फलाटावरून सुटत्या गाडीतल्या माणसाशी बोलावं तसे मोठ्याने. आम्हाला वाटायचं, कंपनीची सवय. आमचं घर तसंही हळू बोलणाऱ्यांतलं नव्हतंच. आई भाकरी थापायची तेव्हा परातीचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जायचा, जवळा परतताना तिची बडबड चालायची, आणि या सगळ्याच्या मध्ये बाबा शांतपणे जेवायचे. मला ते फार समजूतदार वाटायचे.

मधल्या खोलीत खुंटीला बाबांची ढोलकी टांगलेली होती, जुन्या साडीत गुंडाळून. एके काळी गावच्या गौरीच्या नाचाला बाबांशिवाय दुसरा ढोलकीवाला कुणाला सुचत नसे. ढोलकीवाला मधोमध, कमरेला ढोलकी बांधलेली, भोवती पायांत चाळ बांधलेले गडी गोल फिरतायत, आणि बाजूला उभा राहून रामाकाका कानावर हात ठेवून गातोय, हे मी लहानपणापासून बघत आले होते. मग एका वर्षी बाबांनी खांदा दुखतो म्हणून सांगितलं आणि ढोलकी खुंटीला गेली ती गेलीच. पुढच्या वर्षीही खांदा दुखला. तेव्हापासून बाबांचा चुलतभाऊ पांडूकाका वाजवू लागला. गावात बोललं जायचं की याच्या डोक्यात कंपनीचा पगार चढलाय, आता हा कशाला आपल्यात वाजवेल. बाबा ते ऐकून घ्यायचे, म्हणजे मला तेव्हा वाटायचं की ऐकून घेतात.

त्या वर्षी उन्हाळ्यात माझा मामा आखातातून सुट्टीवर पेणला आला आणि येताना टीव्हीला जोडायचा एक गेम घेऊन आला. तसे गेम आम्ही पाहिले होते, उड्या मारणारे, गोळ्या घालणारे. हा निराळा होता. त्याच्याबरोबर प्लास्टिकची एक मोठी चटई होती आणि तिच्यावर चार दिशांना चार बाण. टीव्हीवर गाणं लागायचं, पडद्यावर खालून बाण वर सरकत यायचे, आणि वरच्या खुणेवर बाण पोचला की चटईवरच्या तशाच बाणावर पाय द्यायचा. म्हणजे नाचायचं. बरोबर पडलं तर पडद्यावर 'परफेक्ट', चुकलं तर 'मिस', आणि गाणं संपलं की शाळेसारखी श्रेणी. डब्यावर हसणारं कुटुंब छापलेलं होतं, आई, बाप, दोन मुलं, सगळे हवेत. मामा म्हणाला, "मारामारी नाय, काय नाय, घरातल्या सगल्यांनी खेलायचा." मामा परत गेला आणि आठवड्याभरात खालच्या मजल्यावरचे भाडेकरू मामीच्या दारात उभे राहिले की आमच्या डोक्यावर प्लास्टर पडतंय. मामी वैतागून सगळं सामान पिशवीत भरून आमच्याकडे घेऊन आली. "तुमच्या घराला खाली मजला नाही," ती म्हणाली, "पावसाळाभर ठेवा आणि काय नाचायचं ते नाचा."

मी चटई पसरली, गाणं लावलं आणि पाय उचलला तोच बाबांनी हात आडवा केला. "वाजनाऱ्या वस्तूला पाय लावायचा नाय." मी समजावलं की बाबा, ही वाजत नाही, वाजतो तो टीव्ही, आणि ही पायानेच खेळायची असते, डब्यावर बघा. त्यांनी डबा बघितला. त्या उड्या मारणाऱ्या बाईकडे जरा नापसंतीने बघितलं आणि मांडी घालून चटईपुढे बसले. दोन्ही तळवे बाणांवर ठेवले. खालून बाण आला, त्यांनी थाप मारली. 'परफेक्ट'. पुन्हा आला, पुन्हा थाप. अशा रीतीने साऱ्या जगात जो गेम लोक उभ्याने नाचून खेळत असतील तो आमच्या घरी बसून, हाताने, ढोलकीसारखा वाजवायला सुरुवात झाली. मामी हसून हसून लोळली. पण पाय लावायचा नाही म्हणजे नाही. आईसुद्धा पीठ लागलेल्या हातांनी दोनचार बाण बडवून जायची.

त्या गेमची गोडी मी नाकारणार नाही. पाऊस कोसळतोय, खाडीचं पाणी शेताच्या बांधापर्यंत आलंय, आणि आम्ही तिघं त्या चटईभोवती बसून पाळीपाळीने थापा मारतोय, असं चित्र आमच्या घरात आधी कधी नव्हतं. ज्याला सा कळत नाही त्यालाही तो गेम वाहवा म्हणायचा. आईला जेव्हा पहिल्यांदा चांगली श्रेणी मिळाली तेव्हा ती लाजून आत निघून गेली. आणि बाबा! पंधरा दिवसांत त्यांनी मला मागे टाकलं. शिफ्टवरून आले की कापसाचे बोळे काढायच्या आधी चटई पसरायचे. पुढे पुढे तर सगळ्यात वरची श्रेणी त्यांच्याशिवाय कुणाची येईना. त्यांच्या चेहऱ्यावर मी किती वर्षांनी तो जुना भाव बघत होते, मान किंचित डावीकडे, खालचा ओठ दाताखाली. मला आनंद झाला होता, अगदी मनापासून झाला होता.

परवा माझ्या मामेभावाच्या मुलाच्या घरी त्याची मुलं असलाच एक गेम मोबाइलवर खेळत होती आणि सूनबाई मला कौतुकाने सांगत होत्या की यानं मुलांना तालाची समज येते. मी म्हटलं, बाई, बोटांना शिस्त येत असेल, पण तालाचं मला काही सांगू नकोस. ढोलकीवाला गाणाऱ्याच्या मागे असतो. गाणारा एखाद्या शब्दावर रेंगाळला की त्यानेही थांबायचं असतं, नाचणारा दमला की हात हलका करायचा असतो. गेमला हे काही नको असतं. तो पुढे, तुम्ही मागे. तुम्ही आपल्या मनाची एक थाप जास्त मारली तर तो मार्क कापतो. आणि त्यात सगळ्यात मोठी खोट ही की तुम्ही गाणं ऐकताय की नाही याची त्याला काडीचीही फिकीर नसते. सूनबाई म्हणाल्या, "आत्या, तुम्ही फारच मनावर घेता." घेते खरी.

गौरी-गणपती जवळ आले आणि पांडूकाकाच्या हाताचं बोट होडी ओढताना चेंगरलं. रामाकाका आमच्या ओटीवर आला. बाबांच्या समोर बसला, पान जुळवलं आणि म्हणाला, "औंदा तू नाय उभा रायलास तर नाच नाय. पोरांना गौरीपुढं कॅशेट लावायला सांगू का?" मला वाटलं आता खांदा दुखणार. पण बाबांनी आत चटईकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "येतो." रामाकाका गेल्यावर त्यांनी खुंटीवरून ढोलकी काढली, साडी सोडली, चामड्यावरची शाई बघितली, दोऱ्या ताणल्या. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मी तिच्याकडे बघून हसले. ती हसली नाही.

गौरी जेवायच्या दिवशी सकाळी मी विहिरीवरून पाणी घेऊन आले. घरात चिंबोऱ्यांच्या कालवणाचा वास भरलेला, आई परसात खोबरं वाटत होती. मधल्या खोलीतून थापा ऐकू येत होत्या. नुसत्याच थापा. आमच्या टीव्हीला एक खोड होती, चालता चालता आवाज गुल व्हायचा आणि वर एक चापट मारली की परत यायचा. मी हंडा ठेवून दारात गेले. पडद्यावर बाण सरकत होते, रंगीत माणसं नाचत होती, आणि टीव्हीतून चकार शब्द येत नव्हता. बाबा माझ्याकडे पाठ करून बसले होते. हात अचूक पडत होते, 'परफेक्ट', 'परफेक्ट', 'परफेक्ट', आणि मान तालात हलत होती. मी म्हटलं, "बाबा, आवाज गेलाय." ते वाजवत राहिले. मी मोठ्याने म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना मागून हाक मारली, बाबा, बाबा, अशी दोनदा, आणि त्यांची पाठ तशीच हलत राहिली. गाणं संपलं, वरची श्रेणी आली, तेव्हा कुठे त्यांनी वळून बघितलं आणि मी दिसले. चेहरा फुललेला. "ऐकलास गो?" ते म्हणाले. "या गान्याचा ठेका मना सगल्यात आवडतो."

मी मान हलवली. दुसरं काय करणार? तशीच परसात गेले. आई पाट्यावर वाकलेली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "आई, बाबांना ऐकायला येत नाही." वरवंटा थांबला नाही. ती म्हणाली, "तुला आज कलला?"

मग तिने हळूहळू सांगितलं, वाटत वाटतच. खांदा कधीच दुखत नव्हता. चार वर्षांपूर्वीच्या नाचात दोनदा ठेका सुटला होता आणि पांडूकाकाने झांज जोरात मारून सावरून घेतलं होतं. त्या दिवशी घरी येऊन बाबा म्हणाले, खांदा दुखतो, आणि तिने तेल गरम केलं. तेव्हापासून रोज ती ते तेल लावत होती. कंपनीत कळलं तर घरी बसवतील म्हणून बाहेर चकार शब्द नाही, आणि घरात तर दोघांनी आपसातही तो शब्द काढला नव्हता. "थोडा येतो त्यांना," ती म्हणाली. "तोंडाकडं बघितला की बाकीचा समजतात. म्हनून मी म्होरं जाते." मला ओटीवरचा आरसा आठवला, पदराला पुसलेले हात आठवले. इतकी वर्षं ती गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर रोज घडत होती आणि मी तिला तोंड दुखेल का म्हणून विचारत होते. मी म्हटलं, "मग उद्याचं काय? सगळ्या गावासमोर गौरीपुढे ठेका गेला तर ते पुन्हा ढोलकीला हात लावतील का?" आईने वाटण गोळा केलं. "मीच सांगू व्हय त्यांना, वाजवू नका? चार वरसांनी काढलीय खाली. माज्या तोंडून नाय निघनार ते."

तिच्या तोंडून नाही, तर माझ्या निघेल, असं मी ठरवलं. विसर्जनाच्या दिवशी सकाळी बाबा ओटीवर ढोलकी उन्हात धरून बसले होते. मी समोर जाऊन बसले. "बाबा, खांदा बरा आहे ना तुमचा? नाहीतर राहू द्या. पांडूकाका झांजेवर निभावून नेईल." बाबांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. आता मला ते बघणं कळत होतं आणि सहन होत नव्हतं. "बरा हाय," ते म्हणाले. मग जरा पुढे वाकून, खाजगी सांगावं तसे, पण सगळ्या आळीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "मनाच वाटायचा, माजा हात गेला. पन तो गेम बोलतो ना, नाय गेला म्हनून. तू म्हनशील, आई म्हनंल, तुमी घरची मानसं. ते यंत्र हाय. ते काय माज्या तोंडाकडं बघून नंबर देतंय?" बारावीतली सगळी हुशारी गिळून मी आत गेले.

दुपार कलली आणि गौरी-गणपती निघाले. पाऊस थांबला होता, खाडीच्या वाटेवर चिखल. गावाच्या चव्हाट्यावर मूर्ती टेकवल्या आणि नाच उभा राहिला. बाबा मधोमध, पांढरा सदरा, कमरेला ढोलकी. आम्ही बायका एका बाजूला. सणाला पेणहून आलेल्या मामीची बोटं माझ्या हातात होती आणि मी ती इतकी दाबत होते की ती म्हणाली, "अगं, मोडशील." रामाकाकाने गौरीचं नाव घेतलं, संथ गाणं धरलं. बाबांनी नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघत पहिली थाप मारली आणि ती बरोबर बसली. कुणीतरी वा म्हणालं. संथ लय होती तोवर सगळं ठीक चाललं. एकेका गड्याचे पाय समोरून जात होते आणि बाबा ते बघून वाजवत होते. मग रामाकाकाने गाणं उचललं. तो बाबांच्या मागे उभा होता. रिंगण जोरात फिरू लागलं, समोरचे पाय भराभर बदलू लागले, एकाचा पाय पुढे, दुसऱ्याचा मागे, आणि बाबांची ढोलकी जुन्या लयीतच राहिली. झांज एकीकडे, ढोलकी दुसरीकडे. दोन गडी एकमेकांवर आदळले. चाळांचा आवाज फाटला. मागून कुणीतरी म्हणालं, "हात कंपनीत ठेवून आला काय रं," आणि काही पोरं हसली. बाबांना ते ऐकू आलं नाही, पण त्यांना हसणारी तोंडं दिसली. त्यांनी मान वर केली आणि ते इकडेतिकडे बघू लागले. मला एकटीलाच कळलं की ते काय शोधतायत. ते बाण शोधत होते.

आई माझ्या शेजारी होती. हातातलं आरतीचं ताट तिने मामीकडे दिलं, निऱ्या वर खोचल्या आणि ती चालू लागली. आमच्याकडे पुरुषांच्या नाचाच्या रिंगणात बाई जात नाही. तिने दोन गड्यांच्या मधून वाट काढली आणि बाबांच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली. रामाकाका गातच होता, तिने एक कडवं ऐकून घेतलं. मग तिने उजवा पाय आपटला, डावा, पुढे, मागे. चिखलात, अनवाणी, जोडव्यांसकट. ती काही नाचणारी बाई नव्हती. पण पाय गाण्यावर नेमका पडत होता आणि बाबांना दिसेल असा उचलून पडत होता. बाबांनी आधी तिच्या तोंडाकडे बघितलं. मग मान खाली घातली, तिच्या पायांकडे बघितलं, आणि मान किंचित डावीकडे झाली. ढोलकीवर थाप पडली ती थेट झांजेत जाऊन बसली.

गडी पुन्हा फिरू लागले. रामाकाका मागून सरकत सरकत पुढे आला आणि आईच्या बाजूला उभा राहून गाऊ लागला. एका जागी तो शब्दावर रेंगाळला, तशी आईने पाय हवेतच धरला आणि बाबांचा हात हवेत थांबला. शब्द सुटला तेव्हा दोन्ही एकदम पडले. असलं काही त्या गेमला सात जन्मांत जमलं नसतं. पुढे मिरवणूक हलली, ढोलकी चालायला लागली, तर आई त्यांच्याकडे तोंड करून मागे मागे चालत राहिली, पाय आपटत, खाडीपर्यंत. मी तिच्या पाठीमागून वाटेतले दगड बाजूला करत गेले. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं आणि मी ते पुसायच्याही फंदात पडले नाही.

घरी आलो तेव्हा अजून उजेड होता. आईचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले, एका बोटाला कालवाचं शिंपलं लागून रक्त आलेलं. ती परसातल्या दगडावर बसली. मी तांब्या घ्यायला वाकले तर बाबांनी तो आधीच उचलला होता. ते तिच्या पायांवर पाणी ओतू लागले. नवऱ्याने बायकोच्या पायांवर पाणी ओतायचं हे आमच्याकडे कुणी बघितलेलं नव्हतं. मग बाबा त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मागं मागं चालत व्हतीस. पडली असतीस म्हंजे?" आईने मान वर केली, त्यांना तोंड दिसेल अशी, आणि म्हणाली, "तुमी बघत व्हता ना पायांकडं."

चटई मामी दुसऱ्या दिवशी पेणला घेऊन गेली, बाबांनीच ती गुंडाळून पिशवीत घातली. गावात कुणी काही विचारलं नाही, कंपनीतही काही पोचलं नाही. त्याच सकाळी बाबा शिफ्टला निघाले, डबा घेऊन वाटेला लागले. मी ओटीवर होते. रामाकाका त्यांच्या मागून शेतावर चालला होता. आधी असता तर तिथूनच ओरडला असता. त्या दिवशी तो वाट सोडून बांधावरून चिखलात उतरला, झपाझप वळसा घालून बाबांच्या समोर आला, आणि उभा राहून म्हणाला, "फुडल्या वरसालाबी तूच."